पासपोर्ट रिन्यू करायला गेले आणि 7,249 रुपये घालवून बसले

लेकीचं बाळंतपण टोरांटोला, माझा पासपोर्ट ऑक्टोबरात संपतोय, व्हिसा अडकायला नको म्हणून मी घाईत होते हे आधीच सांगते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी रात्री जेवणं आटपली, मोबाईलवर 'पासपोर्ट रिन्यू' टाकलं आणि सगळ्यात वर आली ती साइट उघडली. वर बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असतं ते बघत जा, मी नाही बघितलं. अशोकस्तंभ, तिरंगा, निळी पट्टी सगळं जागच्या जागी. मी काही अडाणी नाही हो, 26 वर्षं हिशेबाचंच काम केलंय.

फॉर्म भरला, जुन्या पासपोर्टचे आणि आधारचे फोटो चढवले, 2,999 भरले. दुसऱ्या दिवशी फोन, मॅडम मॅडम करत पोलीस व्हेरिफिकेशनचे म्हणून 1,850 घेतले. मग तारीख लवकर हवी तर तत्काळचे 2,400.

हे शेवटचे पैसे भरताना क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी ट्रेडर्सचं. मी वाचलं ते. अंगठा थांबलाही होता. फोनवरच्या माणसाला विचारलं तर म्हणे "मॅडम, वो कलेक्शन एजन्सी है", आणि मी पिन टाकला! सरकारी फी ट्रेडर्सच्या खात्यात कशी जाईल, इतकं साधं मला तेव्हा सुचू नये? अजून रात्री झोप लागत नाही त्या एका क्षणामुळे.

खरी फी ऐका. 36 पानी पासपोर्टला 1,500, तत्काळ हवं तर वर 2,000, आणि पोलीस व्हेरिफिकेशनला एक पैसाही नाही. पत्ता पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन, तिथे रिन्यूला री-इश्यू म्हणतात आणि फी तिथेच अपॉइंटमेंट घेताना भरायची, फोनवर कुणी पैसे मागत नाही.

पोलीस ठाण्यात गेले तर दीड तास बाकावर बसवलं, मग साहेब म्हणतात "बेन, रकम नानी छे", म्हणजे रक्कम छोटी आहे. नानी? माझी महिन्याची औषधं येतात तेवढ्यात! उद्या या, स्टेटमेंट आणा, स्टेटमेंट नेलं तर त्यावर बँकेचा शिक्का आणा, बँकेत गेले तर तुम्हीच पिन टाकलाय, आम्ही काय करणार. तीन चकरा झाल्या, रिक्षाचे 360 वेगळे, आणि हातात फक्त एक पोचपावती. पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मी लाजेपायी दोन दिवस कुणाला बोललेच नाही, यांनासुद्धा नाही.

पैशांचं एक वेळ सोडून देईन, पण माझा आधार आणि पासपोर्टचे फोटो त्या माणसाकडे आहेत. आधारचं बायोमेट्रिक तेवढं अॅपवरून लॉक केलंय. लेकीला अजून सांगितलेलं नाही, सातवा चालू आहे तिला.