लेटरबॉक्स्डवर आवडत्या सिनेमांची यादी: सोलापूरच्या चार भाषांना पुरतं का?

आवडत्या सिनेमांची यादी व्हॉट्सॲपवर टाकली की तिचं आयुष्य जेमतेम संध्याकाळपर्यंतचं. अर्धी यादी 'रीड मोअर'च्या खाली दडते, वरून चार गुड मॉर्निंग येऊन पडतात आणि आठवड्याने कुणी 'ती यादी परत टाक की' म्हटलं की शोधाशोध सुरू. यावर उपाय म्हणून हल्ली लेटरबॉक्स्डचं नाव हमखास निघतं. पाहिलेल्या सिनेमांची नोंद, याद्या आणि परीक्षणं ठेवायची ही सेवा न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये 2011 साली सुरू झाली. 2023 मध्ये कॅनडाच्या टायनी कंपनीने तिचा 60 टक्के हिस्सा घेतला. यादी करायला आणि दाखवायला तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. त्या यादीवर मराठीत वाद घालायला मात्र ती जागा नव्हे. आणि सोलापुरात, जिथे एकाच माणसाच्या यादीत मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड असं सगळं सुखाने नांदतं, तिथे तिसरीच एक अडचण निघते: यादीत टाकला तो सिनेमा नेमका कोणता?

खातं उघडल्यावर प्रोफाइलवर आवडत्या सिनेमांच्या चार चौकटी मिळतात. चारच, पाचवी नाही. ही अट चांगली आहे, कारण माणसाला निवड करावीच लागते. फक्त चारही चौकटींत पुरस्कारवाले सिनेमे भरू नयेत. टीव्हीवर लागला की रिमोट बाजूला ठेवला जातो असा एखादा तरी हवा, नाहीतर समोरचा नुसती मान डोलावून पुढे जातो.

खरी यादी वेगळी करायची. तिला नाव, वर्णन आणि टॅग देता येतात, क्रमांक लावायचे की नाही ते ठरवता येतं, ती कुणाला दिसावी तेही. कच्ची असेपर्यंत खासगी ठेवा, पुरी झाली की सार्वजनिक करा किंवा फक्त लिंक असणाऱ्यांना दिसेल अशी ठेवा. सार्वजनिक यादी लिंकवरून बघायला खातं लागत नाही, खाली कॉमेंट करायला लागतं. क्रमांकांची खूण शक्यतो लावू नये. क्रम दिला की सिनेमा राहतो बाजूला आणि 'सातवा सहाव्याच्या खाली कसा' यावर संध्याकाळ जाते. ब्रिटनचं साइट अँड साउंड मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरातल्या जाणकारांचा कौल घेतं. तिथेही प्रत्येकाकडून दहा नावं मागतात आणि प्रत्येक नावाला एकच मत धरतात. आपल्या गटालाही तेच पुरे.

सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे यादीतल्या प्रत्येक सिनेमाखाली लिहिता येणारी टीप. यादी संपादित करताना त्या सिनेमावर जाऊन ती लिहायची. देवनागरी नीट उमटते. 'अप्रतिम', 'क्लासिक', 'चुकवू नये असा' यातलं काही लिहायचं असेल तर जागा मोकळी सोडलेली बरी. कुणासाठी पाहावा, कोणत्या भाषेतला, काय माहीत असेल तर जास्त कळेल, कुणाला आवडणार नाही, एवढं दोन ओळींत बसतं. उदाहरणार्थ 'सामना' (1975): 'निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू समोरासमोर बसतात त्या प्रसंगांसाठी. साखर कारखान्याचं राजकारण जवळून पाहिलेल्याला दुप्पट कळेल. मारामारीची वाट पाहणाऱ्याने थांबू नये.' आपल्या जिल्ह्यात ही टीप कुणालाही लागू पडते.

खातं असलेल्या माणसाने यादी उघडली की तिच्यातले किती सिनेमे त्याने पाहिलेत ते टक्क्यांत दिसतं. आकडा किरकोळ, पण गटात वाद पेटतो तो यावरच. 'तुझे फक्त 30 टक्के?' एवढं एक वाक्य पुरतं.

आता मुख्य अडचण. लेटरबॉक्स्ड स्वतः माहिती गोळा करत नाही. सिनेमांच्या नोंदी टीएमडीबी या मुक्त संग्रहातून येतात आणि तिथे त्या लोकांनीच भरलेल्या असतात. मराठी नावं बहुतांशी रोमन लिपीत, तीही जशी ज्याला सुचली तशी. 'सिंहासन' (1979) लिहिताना मधे 'एम' की 'एन', 'माणूस'मध्ये दोन 'ओ' की एक 'यू', काही नेम नाही. पहिल्या फटक्यात सापडलं नाही म्हणून सिनेमा नाहीच असं धरू नये. आधी देवनागरीत टाकून बघा. मूळ नाव नीट भरलेलं असेल तर सापडतं. नसेल तर दिग्दर्शकाच्या पानावरून शिरा. पंढरपूरच्या जब्बार पटेलांचं पान उघडलं की 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' ओळीने दिसतात, स्पेलिंगची कटकट राहत नाही.

नाव सापडलं तरी काम संपत नाही. आपल्याकडे एकाच गोष्टीचे दोन-तीन सिनेमे तीन वेगवेगळ्या कारणांनी असतात आणि लेटरबॉक्स्ड त्यांना वेगवेगळं वागवतं.

पहिलं कारण द्विभाषिक निर्मिती. प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' (1937) मराठीत केला तसाच हिंदीत 'दुनिया न माने' केला. 'माणूस' (1939) आणि 'आदमी', 'शेजारी' (1941) आणि 'पडोसी' याही तशाच जोड्या. दोन्ही भाषांत स्वतंत्र चित्रण, काही ठिकाणी नटही वेगळे. 'शेजारी'त केशवराव दाते आहेत, 'पडोसी'त त्या जागी मझहर खान. गजानन जागीरदार दोन्हीकडे. म्हणून या नोंदी वेगळ्या असणं बरोबर आहे आणि पाहिला 'पडोसी' आणि यादीत टाकला 'शेजारी' असं करू नये. नावं वेगळी असतात तिथे निदान चूक लक्षात येते. 'पिंजरा' मराठीतही 'पिंजरा' आणि हिंदीतही 'पिंजरा'. पोस्टरवरून काही कळत नाही. सिनेमाच्या पानावर तपशिलाच्या टॅबमध्ये भाषा दिलेली असते, ती बघूनच टाकायचा. मराठी 1972 चा आहे.

दुसरं कारण रिमेक. 'सैराट' (2016), त्याचा कन्नड 'मनसु मल्लिगे' (2017) आणि हिंदी 'धडक' (2018) हे तीन स्वतंत्र सिनेमे, तीन नोंदी, तीन रेटिंग. कन्नडमध्येही रिंकू राजगुरूच असल्यामुळे अक्कलकोटकडच्या मित्रांशी बोलताना गफलत होऊ शकते. जुन्या सिनेमाचा त्याच नावाने नवा सिनेमा निघाला तरी तेच: 'श्यामची आई' 1953 चा वेगळा, 2023 चा वेगळा.

तिसरं कारण डबिंग, आणि सोलापुरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे. संक्रांतीला इकडे गड्ड्याची जत्रा भरते आणि तिकडे तेलुगूचे मोठे सिनेमे लागतात. पूर्व भागातला माणूस ते तेलुगूत बघतो, जुळे सोलापुरातला हिंदीत. लेटरबॉक्स्डला डबिंग दिसत नाही. नोंद एकच, मूळ भाषेची. मग यादीत दोघांचा सिनेमा एकच दिसतो, पण एकाने संवाद ऐकलेत आणि दुसऱ्याने भाषांतर. हिंदी डबमध्ये गाणी गाळलेली किंवा लांबी कापलेली असली तर वाद आणखी पेटतो, कारण दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. इलाज साधा: टीपेत 'तेलुगूत पाहिला' किंवा 'हिंदी डब' एवढं लिहावं, किंवा तसा टॅग लावावा. मात्र टॅग आधीच ठरवून सगळ्यांनी एकाच स्पेलिंगने लावायचे, नाहीतर एका भाषेचे पाच टॅग होतात.

दुसरी कमतरता: एका यादीला मालक एकच. पाच जणांनी मिळून यादी भरावी असं थेट होत नाही. त्यासाठी गूगल शीट मध्ये घ्यावी लागते, आणि ही पद्धत एकदा बसली की उत्तम चालते. शीटमध्ये पहिल्या ओळीत रोमन लिपीत चार शीर्षकं द्यायची: टायटल, इयर, आयएमडीबीआयडी आणि रिव्ह्यू. स्पेलिंग लेटरबॉक्स्डच्या आयात-पानावर दिलंय, हुबेहूब तेच हवं. आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवर सिनेमाचं पान उघडलं की पत्त्यात दोन 'टी' आणि पुढे आकडे दिसतात, तो आयडी. रिव्ह्यूच्या रकान्यात टीप. यादी आयात करताना ती सिनेमाखाली जाऊन बसते. कुणी सुचवला ते पाचव्या रकान्यात, आपल्या माहितीसाठी. शीट भरली की फाइल मेनूतून सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) म्हणून उतरवायची आणि लेटरबॉक्स्डच्या वेबसाइटवर नवीन यादीच्या पानावर आयात करायची. हे ब्राउझरमधून करायचं काम, ॲपमध्ये शोधत बसू नका.

चुकतं ते ठरलेल्या जागीच. एक्सेलमधून साधी सीएसव्ही जतन केली की टीपांमधल्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा वेगळा पर्याय तिथेच असतो, तो निवडायचा. गूगल शीटला ही भानगड नाही. दुसरी चूक सालाची. लेटरबॉक्स्ड पहिल्या प्रदर्शनाचं साल धरतं, मग ते परदेशातल्या महोत्सवातलं का असेना. 'कोर्ट' व्हेनिसला 2014 मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे लागला 2015 मध्ये, 'किल्ला'चंही तसंच, 'फँड्री' महोत्सवात 2013, थेटरात 2014. थेटरात पाहिल्याचं साल आठवून लिहिलं की जुळणी हुकते किंवा भलताच सिनेमा चिकटतो. आयडी दिला असेल तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून तो रकाना आळस करून रिकामा सोडू नये. आयात पक्की करण्याआधी जुळलेल्या सिनेमांची यादी समोर येते. ती वरून खालपर्यंत वाचायची, चुकलेला तिथेच बदलता येतो.

आयडीचा आणखी एक उपयोग. पाच जणांनी दहा-दहा नावं दिली की एकच सिनेमा तीन स्पेलिंगने येतो. कोणाला किती मतं हे शीटमधलं काउंटइफ हे सूत्र लावून मोजायचं असेल तर नावावर नाही, आयडीच्या रकान्यावर लावा. नाहीतर तीन मतांचा सिनेमा एकेक मताचे तीन होऊन तळाला जातो.

चर्चेसाठी लेटरबॉक्स्ड थिटं पडतं. सगळी बटणं, मेनू इंग्रजीत. मराठीत परीक्षण लिहिता येतं, पण लोकप्रिय सिनेमाच्या पानावर ते इंग्रजीच्या पुरात वाहून जातं. उलट बऱ्याच मराठी सिनेमांना रेटिंगच इतकी थोडी की सरासरीचा आकडाही दिसत नाही. एका अर्थी बरंच आहे, आकडा नसला की माणूस सिनेमावर बोलतो. तेव्हा यादी तिथे आणि गप्पा व्हॉट्सॲपवर, अशी वाटणी करावी. ग्रुपमध्ये टाकलेली लिंक पिन करायची किंवा ग्रुपच्या वर्णनात ठेवायची. एका वेळी एकच सिनेमा घ्यायचा, ज्याने सुचवला त्याने आधी दोन वाक्यांत कारण द्यायचं आणि न पाहिलेल्यांसाठी शेवट फोडायचा नाही. लेटरबॉक्स्डवर परीक्षण लिहिताना स्पॉयलरची खूण असते, मजकूर झाकला जातो. व्हॉट्सॲपवर तसं काही नाही. मतदान घ्यायचं तर तिथल्या पोलमध्ये बारापेक्षा जास्त पर्याय बसत नाहीत. म्हणून शीटवर दोन किंवा जास्त मतं पडलेले सिनेमे आधी वेगळे काढा, त्यातले बारा पोलमध्ये घ्या आणि एकाला अनेक पर्याय निवडता येतील ही सोय चालू ठेवा.

सिनेमा संग्रहात नसेलच तर टीएमडीबीवर मोफत खातं काढून स्वतः भरता येतो. मूळ भाषा मराठी निवडून नाव देवनागरीत द्या, प्रदर्शनाची तारीख आणि कलाकार भरा. पोस्टर उभं, दोनास तीन प्रमाणात, किमान 500 बाय 750 पिक्सेल. फोनवर भिंतीचा तिरका फोटो काढून टाकला तर तो टिकत नाही. नोंद लेटरबॉक्स्डवर लगेच दिसेल अशी अपेक्षा धरू नका. जुन्या सिनेमांच्या अर्धवट नोंदी दुरुस्त करायचं कामही इथेच होतं. डॉ. कोटणीसांच्या गावाने, म्हणजे सोलापूरने, 1946 च्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'च्या नोंदीपासून सुरुवात केली तर शोभेलही. त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली होती, ती वेगळी.

पैसे भरावेत का? यादीपुरतं बोलायचं तर नाही. पैशांची खाती दोन: प्रो वर्षाला 19 डॉलर आणि पेट्रन 49 डॉलर. प्रोमध्ये जाहिराती जातात आणि वर्षभराची आकडेवारी मिळते, पेट्रनमध्ये पोस्टर बदलता येतात. मराठी पोस्टर धूसर आणि इंग्रजी अक्षरांचं असेल तर ते बदलायचा मोह होतो खरा, पण टीएमडीबीवर चांगलं पोस्टर चढवलं तर ते सगळ्यांच्याच कामी येतं आणि फुकटात होतं. कुठलाही सिनेमा सध्या कुठे बघायला मिळेल ही माहिती मोफत खात्यातही दिसते. देश भारत निवडलेला आहे का तेवढं तपासा. आणि सेटिंग्जमधून आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची सोय आहे. झिपमध्ये सीएसव्ही फाइली येतात, याद्या आणि टीपांसकट. मोठा बदल करण्याआधी ती एकदा उतरवून ड्राइव्हवर ठेवा, कारण खोडलेली यादी परत आणायचं बटण नाही.