टेलस्केल आठ महिने वापरल्यावर: फायरवॉल सोपा, लाइट अवघड

चिंचोळी एमआयडीसीतल्या ऑफिसमधून जुळे सोलापुरातल्या घरच्या डेस्कटॉपवरचं टॅली उघडायचं, एवढंच काम, तेही ऑफिसची परवानगी घेऊनच. त्यासाठी टेलस्केल, म्हणजे लांबलांबची मशीनं एका खासगी नेटवर्कात जोडणारं ॲप. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ (वेबसाइटचे) सोडून सगळे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, बंद. घरी राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला, म्हणजे सीजीनॅट: एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने घरच्या मशीनकडे पाठवणं) बाद. स्टॅटिक आयपी घेऊन ४४३ वर सर्व्हर मांडता येतो, पण पैसे कायमचे आणि दार जगाला उघडं.

टेलस्केल आधी यूडीपीने थेट जोडायला बघतं, नाही जमलं तर ४४३ वरून रिलेने, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरमार्गे, जातं. टेलस्केलच्या पिंगमध्ये ‘व्हाया डर्प’ (डर्प म्हणजे तोच मधला सर्व्हर) दिसलं की रिले. सुरुवातीला रिले निरुपयोगी वाटला होता, ते मत मागे घेतो. रिमोट डेस्कटॉपमध्ये (घरचा स्क्रीन ऑफिसात दाखवणारी विंडोजची सोय) वॉलपेपर, ॲनिमेशन बंद केलं की एंट्र्या बिनतक्रार होतात; मोठा बॅकअप मात्र ओढू नये. टीएलएस (४४३ वरची कूटबद्ध वाहतूक) उघडून तपासणाऱ्या फायरवॉलपुढे हेही बहुधा अडतं. रिमोट डेस्कटॉपसाठी घरी विंडोज प्रो हवं, होमवर चालत नाही.

खरी डोकेदुखी लाइटची. लाइट जाऊन आली की मशीन बंदच राहतं, म्हणून बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ करा. तरी लॉगिन होईपर्यंत टेलस्केल जोडत नाही. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू हवं. मशीनची टेलस्केल-की (लॉगिनची किल्ली) १८० दिवसांनी संपते, घरच्या मशीनची एक्स्पायरी ॲडमिन पानावरून बंद करून टाका.

आता बिल. ४५ वॅटचं मशीन चोवीस तास म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीसच्या वर, आणि काम अर्ध्या तासाचं! हे पटणारं नाही. मशीन स्लीपमध्ये ठेवा आणि जुन्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा, कमी वीज खाणारा कॉम्प्युटर) टेलस्केल टाका. झोपलेल्या मशीनवर टेलस्केल चालत नसतं, म्हणून वेक-ऑन-लॅनचं (झोपलेलं मशीन नेटवर्कवरून जागं करणारं) पॅकेट घरच्याच नेटवर्कमधून सुटावं लागतं. ऑफिसातून पायवर एसएसएच (लांबून कमांड देण्याची सोय), तिथून ‘वेकऑनलॅन’ कमांड आणि मशीनच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, की मशीन जागं. पाय साधारण ४ वॅट, महिन्याला तीनेक युनिट. मशीनला लॅन केबलच लावा, आणि बायोसमध्ये ‘ईआरपी’ (बंद मशीनची वीज तोडणारी बचतीची सेटिंग) बंद ठेवा.

लाइट गेल्यावर बरेच मदरबोर्ड एकदा सुरू झाल्याशिवाय हे पॅकेट ऐकत नाहीत, म्हणून वरचं ‘पॉवर ऑन’ इथेही लागतंच. बायोस ही सेटिंग वारंवार विसरत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.