एअर पिस्तुलाचा ट्रिगर ‘हलका’ करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

माझी मुलगी कोल्हापुरात १० मीटर एअर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. क्लबच्या पिस्तुलावर हात बसल्यानंतर आम्ही तिच्यासाठी एक वापरलेले परदेशी पिस्तूल विकत घेतले आणि त्याचा ट्रिगर फार जड आहे, ही तिची तक्रार लगेचच सुरू झाली. नव्या नेमबाजांमध्ये ही तक्रार इतकी सर्रास आढळते की तिच्यावर पोट भरणारी माणसेही तयार झाली आहेत. त्यांपैकी एकाने आम्हाला कसे फसवले ते तपशिलाने लिहीत आहे, कारण स्पर्धांच्या हंगामात तो, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, तुमच्याही रेंजवर येऊ शकतो.

आधी नियम सांगतो, कारण सगळी लबाडी त्याच्याच आडोशाने झाली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन, म्हणजे तो सुटण्यासाठी द्यावा लागणारा दाब, किमान ५०० ग्रॅम असावे लागते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात हीच मर्यादा १,००० ग्रॅम आहे. स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत पिस्तुलाची नळी उभी धरून ट्रिगरला प्रमाणित वजन अडकवतात, आणि ते सपाट पृष्ठभागावरून पूर्ण उचलले जाईपर्यंत ट्रिगर सुटता कामा नये. आमचे पिस्तूल आधीच्या मालकाने ६०० ग्रॅमच्याही वर लावून ठेवले होते. ते खाली आणण्यासाठी वजनाचा स्क्रू फिरवणे पुरेसे होते. पिस्तुलासोबत येणाऱ्या पुस्तिकेत तो आकृतीसह दाखवलेला असतो. जुने पिस्तूल घेताना ही पुस्तिका बहुधा मिळत नाही, आणि असल्या माणसांचे तिथेच फावते.

एका स्पर्धेच्या वेळी भेटलेल्या या गृहस्थाने आपण परदेशात कंपनीच्या कारखान्यात प्रशिक्षण घेतलेले आर्मरर, म्हणजे पिस्तुले-बंदुका दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, असल्याचे सांगितले. त्याने स्वतःजवळचे एक पिस्तूल मुलीच्या हातात दिले. त्याचा ट्रिगर लोण्यासारखा सुटत होता. मग आमचे पिस्तूल दोनदा दाबून पाहून तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘यातला सिअर झिजलाय, स्प्रिंगही मेलीय. ओरिजिनल पार्ट टाकायला लागतील.’’ सिअर म्हणजे हातोडी अडवून धरणारा आणि ट्रिगर दाबल्यावर ती सोडणारा छोटा पोलादी भाग. तो खरोखर झिजला असता तर ट्रिगर जड होण्यापेक्षा अवेळी सुटण्याची भीती अधिक, हे पुढे एका जाणकाराने समजावले. सुट्या भागांचे म्हणून त्याने आगाऊ रोख रक्कम घेतली. बिलाचा विषय काढला की ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, सुटलं की बिलासकट देतो’ हे उत्तर ठरलेले असे. जुने भाग परत मागितले तेव्हा ते कंपनीकडे पाठवावे लागतात, असे सांगण्यात आले.

पिस्तूल परत आले ते अगदी मऊ ट्रिगर घेऊन. त्याने आमच्यासमोर वजन अडकवून ‘बघा, बरोबर पाचशे’ असे दाखवलेही. पुढच्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर मात्र तिथले प्रमाणित वजन उचलले गेले नाही. नियमाने मिळणाऱ्या तीनही संधी वाया गेल्या, आणि मुलीला क्लबमधल्या एका ताईंचे पिस्तूल घेऊन खेळावे लागले. त्या माणसाने दाखवलेले वजन त्याच्याकडून मागून घेऊन किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले, तेव्हा ते ५०० ग्रॅमचे नव्हतेच. त्याच्या तळाशी पोकळी केलेली होती. ही युक्ती मला सर्वांत निर्लज्ज वाटते, कारण तपासणी पार पडल्यानंतरही निवडक खेळाडूंची फेरतपासणी होऊ शकते आणि तेव्हा वजन कमी भरले तर खेळाडू थेट बाद होतो.

यापेक्षा गंभीर प्रकार पुढे उघडकीस आला. वजन वाढवण्यासाठी स्क्रू फिरवून पाहिला, तर लिव्हर बंद करताच पिस्तूल आपोआप सुटू लागले. पुण्याच्या एका अनुभवी तंत्रज्ञाने ते उघडले, तेव्हा नवा सिअर कोठेच नव्हता. जुन्याच सिअरची कड दगडावर घासून पकड नाममात्र उरवली होती, आणि मूळ स्प्रिंगच्या जागी कापलेली कसलीतरी तार होती. अशा भागांचे पोलाद बहुधा पृष्ठभागापुरते कडक केलेले असते. तो थर घासला गेला की आतला मऊ धातू भराभर झिजतो. त्यामुळे सिअर बदलण्यावाचून इलाज नव्हता, आणि तो परदेशातून मागवावा लागला.

नव्या सिअरसह त्या तंत्रज्ञाने वजन पाचशेच्या किंचित वर ठेवले आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या स्टेजला दिला, म्हणजे बोट आधी बराचसा भार घेते आणि शेवटचा थोडा दाब दुसऱ्या स्टेजवर उरतो. तेवढ्यानेच तो ट्रिगर मुलीला हलका वाटू लागला. उरलेले काम ग्रिपने, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीने केले. ती मुलीच्या तळव्याला मोठी होती, त्यामुळे बोट ट्रिगरवर सरळ न येता तिरके येत होते आणि तो जड भासत होता. ग्रिप बदलून, छर्रा न भरता रोज ड्राय फायरचा सराव केल्यावर तिची तक्रार थांबली.

असले ‘कारागीर’ एअर पिस्तुलांभोवतीच का घोटाळतात, यालाही कारण आहे. ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या एअर पिस्तुलांना आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून त्यांची दुरुस्ती कोणीही थाटतो. पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे; ते अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार अग्निशस्त्रांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. या माणसाने आमच्या क्लबमधल्या एका दादांना त्यांचेही पिस्तूल ‘करून देतो’ असे सुचवले होते. दादांनी परवाना मागताच तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. बिल नसल्याने अडचण आहे, परंतु व्हॉट्सॲपवरील संदेश, पिस्तूल देतानाचे छायाचित्र, तंत्रज्ञाचा लेखी अहवाल आणि ते पोकळ वजन आम्ही जोडले आहे. तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. ज्यांनी याच प्रकारे पैसे दिले असतील त्यांनी त्याच्याशी झालेले संभाषण पुसू नये, आणि त्याने हात लावलेल्या पिस्तुलात, ते एखाद्या माहितगाराने उघडून पाहीपर्यंत, छर्रा भरू नये.