लंडनचं मिथ्रेयम: सिमेंट उतरवून पुन्हा चुन्यात उभं केलेलं देऊळ

लंडनच्या ‘बँक’ या भुयारी रेल्वे स्टेशनच्या वॉलब्रुक रस्त्याकडच्या दारातून वर आलं की १२, वॉलब्रुक हा पत्ता लागूनच आहे. ब्लूमबर्ग या वित्तीय माहिती कंपनीच्या मुख्यालयाच्या पोटात, रस्त्यापासून सुमारे ७ मीटर खाली, रोमन काळातलं मिथ्र देवाचं देऊळ, म्हणजे मिथ्रेयम, आहे. १४ नोव्हेंबर २०१७ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. प्रवेश फुकट, वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी, सोमवारी बंद. खाली जायला लिफ्ट आहे. गर्दी नसेल तर तासाभरात सगळं नीट बघून होतं.

जुन्या शहराच्या मध्यभागी नवी इमारत उभी राहते तेव्हा जमिनीखालच्या अवशेषांचं काय करायचं, या प्रश्नाला लंडनने या एकाच देवळाबाबत दोनदा उत्तर दिलं. पहिलं उत्तर चुकलं, दुसरं बऱ्याच अंशी जमलं. आत जाण्याआधी पहिलं माहीत असेल तर खाली गेल्यावर नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

सप्टेंबर १९५४ मध्ये, युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागेवर बकलर्सबरी हाउस ही इमारत बांधण्याआधी पुरातत्त्वज्ञ ग्राइम्स यांचं उत्खनन चालू होतं. काम संपत आलं असताना मिथ्राचं संगमरवरी मस्तक हाती लागलं आणि दोन आठवड्यांत सुमारे ४ लाख लोक रांगा लावून बघायला आले. विषय थेट चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. इमारत अडवायची नाही, देऊळ हलवायचं, असं ठरलं. दगड काढून काही वर्षं साठवले आणि १९६२ मध्ये जवळच क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, एका वाहनतळाच्या छतावर, उघड्या आभाळाखाली देऊळ पुन्हा रचलं.

त्या रचनेत जवळपास सगळंच बिघडलं. मूळ देऊळ जमिनीच्या पोटात, अंधारं, गुहेसारखं. नवं रस्त्याच्या पातळीवर, उन्हापावसात. जोड सिमेंटचे. मधल्या भागात वेड्यावाकड्या तुकड्यांची फरशी, जी मुळात कधीच नव्हती. लाकडी भाग गाळलेले, दगड कमी पडले तिथे नंतरच्या काळातले मिसळलेले. सिमेंटचा घोळ नुसत्या दिसण्याचा नाही. चुन्याचा जोड भिंतीपेक्षा मऊ असतो, ओल त्यातून बाहेर पडते, आणि भिंत हलली तर तडा जोडात जातो, दगडात नाही. सिमेंट घट्ट आणि कडक. ओल आत कोंडते, क्षार विटेच्या तोंडाशी येतात, पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. सोडवायला जावं तर जोडाबरोबर दगडाची कडही निघते. जुन्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारल्यावर दोन-चार पावसाळ्यांत काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

ब्लूमबर्गने २०१० मध्ये जागा घेतल्यावर १९६२ची रचना उतरवली गेली. दगड-विटांवरचं सिमेंट हाताने काढलं, नंतर मिसळलेले तुकडे वेगळे केले, आणि १९५४च्या नोंदी, रेखाटनं व छायाचित्रं जुळवून देऊळ पुन्हा मांडलं. लोकांकडून त्या वेळचे फोटो आणि आठवणी मागवल्या. याचा उपयोग खरा होता, कारण अधिकृत छायाचित्रं कृष्णधवल होती आणि दगड-विटांचे रंग त्यांतून कळत नव्हते. जोड आता चुन्याचे आहेत, रोमन चुन्याचे नमुने अभ्यासून बनवलेले. जागा मूळ स्थानापासून काही मीटर पश्चिमेला सरकवली आहे, कारण १९५४ नंतरही मूळ देवळाचा थोडा भाग जमिनीत शिल्लक होता आणि तो न हलवता जपायचा होता. हा निर्णय आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘अगदी त्याच जागेवर’ अशी जाहिरात करण्यासाठी उरलेलं खरं बांधकाम उखडण्याचा मोह टाळला गेला.

दुसरा अवघड निर्णय कोणत्या काळातलं देऊळ दाखवायचं हा होता. वॉलब्रुक ओढ्याची ओल वर येत असल्याने आतली जमीन रोमन काळातच पुन्हा पुन्हा उंचावली गेली. पुढे खांबही काढले गेले. सगळे काळ एकत्र दाखवले असते तर कधीच अस्तित्वात नसलेलं देऊळ तयार झालं असतं. इथे इ.स. २४०च्या सुमाराचा पहिला टप्पा निवडला आहे. सुमारे १८ मीटर लांब, ८ मीटर रुंद. मध्ये खोलगट दालन, दोन्ही बाजूंना सात-सात खांब, पश्चिम टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा, कोपऱ्यात विहीर.

मात्र सादरीकरणाबद्दल तक्रार आहे. ठरावीक वेळाने आत सोडतात, दिवे मंद होतात, धुकं सोडून प्रकाशाच्या झोतांनी खांब आणि भिंतींची वरची उंची ‘उभी’ केली जाते, कानावर लॅटिन मंत्र येतात. कल्पना चांगली आहे, कारण हरवलेला भाग खोटे दगड बसवून भरलेला नाही. प्रकाश बंद केला की अंदाज संपतो आणि पुरावा उरतो. पण त्या काही मिनिटांत भिंतीच दिसत नाहीत. त्यामुळे घाई करू नका. दिवे वाढले की भिंतीतले दगडाचे थर आणि त्यांमधल्या विटांच्या ओळी, विहिरीची जागा, दालन आणि बाजूच्या कट्ट्यांच्या उंचीतला फरक शांतपणे बघा. संगमरवरी मस्तकं इथे नाहीत. ती लंडन म्युझियमच्या संग्रहात आहेत. हे दारातच ठळक लिहायला हवं.

वरच्या मजल्यावरची वस्तूंची भिंत मात्र चुकवू नये. २०१० ते २०१४ दरम्यान मोला या पुरातत्त्व संस्थेने इथे उत्खनन केलं. १४,००० हून अधिक वस्तू निघाल्या आणि त्यांतल्या सुमारे ६०० इथे मांडल्या आहेत. चामडं आणि लाकूड १,९०० वर्षं टिकलं ते ओढ्याकाठच्या चिखलामुळे. पाण्याने गच्च मातीत प्राणवायू पोचत नाही, म्हणून कुजवणारे जिवाणू काम करू शकत नाहीत. पण अशी वस्तू बाहेर काढून तशीच सुकू दिली की पेशींतलं पाणी जातं, त्या आत कोसळतात आणि लाकूड आक्रसून चिरतं. म्हणून ती ओलीच ठेवून पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ मुरवतात आणि मग गोठवून निर्वातात सुकवतात. शहरातल्या खोदकामाच्या अंदाजपत्रकात हा खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो.

या भिंतीचं रत्न म्हणजे लेखनपाट्या. एकूण ४०५ सापडल्या. लाकडावर काळं मेण पसरून टोकदार लेखणीने लिहायचे. मेण गेलं, पण लेखणीचे ओरखडे लाकडात उरले आणि प्राचीन रोमन लेखांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी ते वाचले. ८ जानेवारी ५७ची पाटी म्हणजे टिबुलस नावाच्या मुक्त गुलामाने १०५ दिनारांच्या मालाच्या पैशांची दिलेली कबुली. २१ ऑक्टोबर ६२च्या पाटीत व्हेरुलॅमियमहून (आजचं सेंट ऑल्बन्स) लंडनला मालाच्या २० खेपा आणण्याचा करार आहे. बूडिका या स्थानिक राणीने रोमनांविरुद्ध केलेल्या बंडात लंडन जळून खाक झाल्यानंतर इतक्या लवकर व्यापार पुन्हा उभा राहिला होता, हे त्या एका फळीवरून कळतं. वस्तूंखाली माहितीच्या चिठ्ठ्या नाहीत, माहिती पडद्यावर शोधावी लागते, आणि वरच्या ओळींतल्या वस्तू उंचीमुळे नीट दिसत नाहीत. छोट्या वस्तूंना ही मांडणी न्याय देत नाही.

हे सगळं कंपनीच्या हौसेने झालं असं समजू नये. इंग्लंडमध्ये १९९० पासून नियोजनाचं धोरण असं आहे की परवानगी मागणाऱ्यानेच आधी जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी करायची, शक्य तिथे अवशेष जागेवर जपायचे, आणि जिथे जपता येत नाहीत तिथे उत्खनन, नोंद, जतन आणि अहवाल यांचा खर्च उचलायचा. १९५४ मध्ये यातलं काहीच नव्हतं. कायमचं, फुकट, लोकांना खुलं दालन मात्र ब्लूमबर्गने दिलं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

वेदांमधला मित्र हा देव आणि इराणी मिथ्र ही नावं एकाच मुळाची. मिथ्राच्या रोमन पंथाने इराणकडून नेमकं किती घेतलं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण आपल्या माणसाला इथे पाऊल ठेवताना त्या नावाची ओळख पटतेच.

याच फेरीत गिल्डहॉल, म्हणजे शहराचं जुनं नगरगृह, गाठा. चालत दहा मिनिटं. तिथलं रोमन रंगमंडल (अँफिथिएटर) १९८८ मध्ये सापडलं आणि कलादालनाच्या तळघरात जागेवरच जपलं आहे, लाकडी गटारांसकट. वरच्या चौकात त्याची कड काळ्या दगडांच्या वक्र रेषेने दाखवली आहे. मिथ्रेयम आधी, गिल्डहॉल नंतर, असा क्रम ठेवा. हलवून पुन्हा रचलेली भिंत आणि कधीच न हलवलेली भिंत यांच्या जोडांतला फरक तेव्हा आपोआप डोळ्यांत भरतो.