सुविधा पोर्टल : अर्ज सोपा, सूचक अवघड

निवडणूक आयोगाचं उमेदवारी अर्जासाठीचं ‘सुविधा’ पोर्टल रिटर्न भरायची सवय असलेल्या उद्योजकाला चटकन जमतं. लोकसभेचा उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २-अ, नमुना २६चं शपथपत्र, २५,००० रुपये अनामत, कार्यालयात जायची वेळ, सगळं एकाच खात्यातून होतं. पण ‘ऑनलाइन अर्ज’ हे नाव फसवं. प्रिंट काढून, सह्या आणि नोटरी करून तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे ११ ते ३ या वेळात द्यावाच लागतो, तोही उमेदवारानं किंवा सूचकानं, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारानं. सीएला पाठवून भागत नाही.

शपथपत्रात एकही रकाना कोरा नको. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. कोऱ्या रकान्यावर नोटीस येते, तरीही भरला नाही तर छाननीत अर्ज बाद.

धंदेवाल्यांची खरी ठेच सरकारी कंत्राटात. लोकसभेला केंद्राशी आणि विधानसभेला राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा कामाचा चालू करार असेल तर अपात्रता. काम पुरं झालंय, फक्त बिल अडकलंय, तर चालतं. अर्ज हा प्रश्न विचारतो, पण एवढी फोड करून सांगत नाही.

एकाच पक्षाच्या बालेकिल्ल्यात मात्र पोर्टल फारसं कामाचं नाही. इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणींनी २०१४ मध्ये सुमारे ७,७०० कोटींची मालमत्ता जाहीर करून दक्षिण बेंगळुरू लढवलं. १९९१ पासून भाजपकडे असलेल्या त्या जागेवर ते सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी पडले. पण त्यांच्यामागे काँग्रेस होती, म्हणून एक सूचक पुरेसा होता. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा लागतात, आणि सत्तेतल्या पक्षाच्या गावात उघड सही करणारे दहाजण जमवणं हेच अर्धं काम. सुरतमध्ये २०२४ ला सूचकांनीच ‘सह्या आमच्या नाहीत’ म्हटलं आणि काँग्रेसचा अर्ज बाद झाला. बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध आला.

म्हणून मुभा आहे तितके अर्जाचे चारही संच भरा, प्रत्येकात वेगळे सूचक घ्या. नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मतदार यादीतून जसेच्या तसे उतरवा. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं हवं; कंपनीचं चालू खातं चालत नाही.