जुनी पिकअप, कायमचं घर: टपावरचा तंबू, कॅनोपी की कॅम्पर?

जुन्या पिकअपमध्ये बाराही महिने राहायचं आणि डांबर संपल्यावरही पुढे जायचं, असं मनाशी ठरलं की पहिला प्रश्न येतो तो झोपायचं कुठे. उत्तरं मुख्यतः तीन आहेत: टपावर उघडणारा तंबू, हौद्यावर कॅनोपी (पक्कं झाकण) बसवून आत बिछाना, किंवा अख्खाच्या अख्खा हौद्यात उतरवायचा तयार कॅम्पर. बहुतेक जण फोटो पाहून यातलं एक निवडतात आणि मग ते गाडीवर कसंबसं बसवतात. नव्या, दणकट गाडीला ते एकवेळ झेपतं. पंधरा-वीस वर्षं धावलेल्या गाडीच्या बाबतीत क्रम उलटा हवा. गाडी काय पेलेल ते आधी बघायचं, घराचा विचार त्यानंतर.

वजनाचा हिशेब

दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं, बहुधा पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादाही वेगळ्या दिलेल्या असतात. टाकी पूर्ण भरा, हौदा रिकामा करा आणि गाडी वजनकाट्यावर घ्या. कमाल वजनातून काट्यावरचा आकडा वजा केल्यावर जे उरतं ते तुमच्या वाट्याचं, आणि त्यात तुम्ही स्वतःही आलात. कागदावरच्या क्षमतेवर विसंबू नका. जुन्या गाडीवर आधीच्या मालकांनी लोखंडी बंपर, टोइंगचा हुक, हौद्याचं अस्तर असं बरंच काही चढवलेलं असतं, आणि ते सगळं तुमच्या वाट्यातून गेलेलं असतं.

समजा ९०० किलो उरले. दोन माणसं १४०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, फ्रिज आतल्या सामानासकट ३५, बॅटरी आणि सोलर ४०, हत्यारं आणि सुटे भाग ५०, फसलेली गाडी काढायचं साहित्य २५, कपडे-भांडी-पुस्तकं ८०, पुढचा बंपर आणि विंच (गाडी ओढून काढणारी चरखी) ८०. हे ५१० किलो कुठल्याही पर्यायात लागणारच. त्यावर ८० किलोची कॅनोपी आणि ७० किलोचं लाकूडकाम घेतलं तर बेरीज ६६०. कॅनोपीवर ६० किलोचा तंबू ठेवून आतलं लाकूडकाम ४० वर आणलं तर ६९०. छप्पर वर उचलणारा, उघडमिटीचा ३०० किलोचा हलका कॅम्पर घेतला तर ८१०. पक्क्या भिंतींचा ४५० किलोचा कॅम्पर घेतला तर ९६०, म्हणजे मर्यादेच्या ६० किलो वर. तेही लहानातला लहान कॅम्पर धरून; अनेक कॅम्पर याच्या दुप्पट भरतात.

शिवाय ती मर्यादा गाठून दगडधोंड्यांतून गाडी चालवावी असं मला अजिबात वाटत नाही. खराब रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात चॅसीवर बसणारा झटका काट्यावरच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो. मी निदान वीस टक्के शिल्लक ठेवायला सांगेन. ९०० मधले ७२० वापरायचे. मग या उदाहरणात कॅनोपी आणि टपावरचा तंबू बसतात, उघडमिटीचा कॅम्पर विंच आणि बंपरला रामराम करूनही ७३० वर, म्हणजे काठाच्या किंचित वरच राहतो आणि पक्का कॅम्पर बाद होतो.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो. मागे जाड पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) घातले किंवा त्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवल्या म्हणजे गाडीची क्षमता वाढली, असं धरलं जातं. त्यांनी बसलेली गाडी सरळ होते, एवढंच. ब्रेक, बेअरिंग, अ‍ॅक्सल, चॅसी होती तीच राहते. हवेच्या पिशव्यांचा भार तर चॅसीवर एकाच जागी येतो. केबिन लांब, हौदा आखूड आणि वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं असेल, तर चॅसी नेमकी तिथून वाकते. वजन सतत तेवढंच राहणार असेल, आणि राहत्या घराचं ते राहतंच, तर त्या वजनासाठी बनवलेले पाटे आणि त्यांना साजेसे शॉकअप हाच सरळ मार्ग. पिशव्या आज भरलेल्या आणि उद्या रिकाम्या धावणाऱ्या गाडीला शोभतात.

केबिन कोणती, यावर अर्धं उत्तर

मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये चार दारांच्या केबिनचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो, दीड केबिनचा (पुढच्या सीटमागे थोडीच जागा असलेल्या गाडीचा) १.८ मीटरच्या आसपास, एक केबिनचा दोन मीटरच्या पुढे. माणूस आडवा पडायला निदान १.८ मीटर लागतात. चार दारांच्या गाडीत कॅनोपीखाली झोपायचं तर मागचं फळकं उघडं ठेवून त्यावर फळी वाढवावी लागते. ती रोज पावसापासून झाकणं हा कायमचा उद्योग होऊन बसतो. म्हणून अशी गाडी आधीच दारात असेल तर टपावरचा तंबू किंवा केबिनवर पुढे झेपावलेला हलका कॅम्पर बघावा. गाडी अजून घ्यायचीच असेल आणि राहणारी माणसं एक-दोनच असतील, तर दीड केबिन शोधा. जरुरीपुरत्या वस्तू सीटमागे कुलपात राहतात आणि हौद्यात पाय पसरून झोपता येतं. लोक चार दारांकडे का वळतात ते समजतं, पण मागच्या सीटवर कुणी बसणारच नसेल तर त्या जागेची किंमत रोज रात्री मोजावी लागते.

तिन्ही पर्यायांत प्रत्यक्ष राहताना

टपावरच्या तंबूत गादी मोठी असते, वारा खेळतो, आणि हौदा पूर्ण सामानाला मोकळा राहतो. आठवडा-दोन आठवड्यांच्या भटकंतीला यापेक्षा सोपं काही नाही. कायमच्या मुक्कामाला मात्र तो मला पटत नाही. गाडी हलवायची म्हटली की घर मिटवावं लागतं. पावसात मिटवलेलं कापड त्याच दिवशी उघडून वाळवलं नाही तर बुरशी धरतं. जोराच्या वाऱ्यात ते रात्रभर फडफडतं. अंग तापलेलं असताना मध्यरात्री शिडी उतरावी लागते. तंबूत काम करायला टेबल नाही, पाऊस चालू असताना चहा करायला जागा नाही. शिवाय साठ किलो गाडीच्या सगळ्यात उंच जागी बसतात, आणि कडेला कललेल्या वाटेवर ते लगेच कळतं. टपाच्या मर्यादाही दोन असतात, उभ्या गाडीची आणि चालत्या गाडीची. तंबूत दोघं झोपू शकतात ते उभ्या गाडीची मर्यादा मोठी असते म्हणून. चालत्या गाडीची बरीच लहान असते, खराब रस्त्यासाठी त्याहून कमी. कॅनोपीवर तंबू ठेवायचा तर कॅनोपी बनवणाऱ्याने दिलेला आकडा बघा. पातळ फायबरच्या कॅनोप्यांना हा भार चालत नाही.

कॅनोपीत गाडी घरासकट हलते. जागा आवडली नाही तर पांघरूण गुंडाळायचं, पुढे बसायचं आणि निघायचं. बाहेरून ती मालवाहू पिकअपसारखी दिसते, त्यामुळे वस्तीजवळ रात्र काढताना कुणाचं लक्ष जात नाही. अडचण उंचीची. हौद्याची भिंत सुमारे ५० सेंटिमीटर, केबिनच्या उंचीची कॅनोपी आणखी तेवढीच. खाली खण करून ३५ सेंटिमीटरवर फळी टाकली की वर ६५ उरतात, आणि ताठ बसायला साधारण ९० लागतात. फोटोत सुंदर दिसणारी ती खणांची रचना सलग तीन दिवस पाऊस लागला की जाच होते, कारण माणूस एकतर आडवा असतो नाहीतर बाहेर. त्यापेक्षा एका कडेला बुटकी, अरुंद खाट आणि दुसऱ्या कडेला पेट्या, मधे पाय सोडून बसायला जागा, अशी मांडणी राहायला कितीतरी बरी. किंवा थोडं वजन वाढवून उंच छपराची कॅनोपी घ्या. दोघांना खाट रुंद हवी, तेव्हा उंच कॅनोपीशिवाय गत्यंतर नाही.

कॅनोपी फायबरची की अ‍ॅल्युमिनियमची? फायबर कमी गार पडतं, आत दव कमी धरतं, तडा गेला तर राळ आणि कापड लावून स्वतः दुरुस्त करता येतो. अ‍ॅल्युमिनियमला बाजूची मोठी दारं मिळतात, रोजचं सामान काढायला ती फार सोयीची. पण थंड रात्री श्वासाची वाफ त्यावर लगेच जमते आणि पहाटे ठिबकते. अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचं अस्तर आणि छतात उघडणारी खिडकी हे दोन्ही हवंच.

पक्क्या भिंतींचा कॅम्पर म्हणजे खरं घर: उभं राहता येतं, आत शिजवता येतं, थंडीत उबदार राहतो. गाडी एक टनी, मोठी असेल आणि वाटा रुंद, साध्या कच्च्या असतील, तर कायम राहायला तोच सगळ्यात चांगला. एक गोष्ट तेवढी विकणाऱ्याकडून लेखी घ्या: पाण्याच्या टाक्या भरल्यावर कॅम्परचा गुरुत्वमध्य कुठे येतो. तो मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडायला हवा. मागे पडला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि ब्रेकही नीट लागत नाहीत.

उघडमिटीचा कॅम्पर मधला मार्ग आहे. झाडांच्या फांद्यांखालून जातो, उभं राहायला उंची देतो. त्याच्या वरच्या भिंती कापडाच्या असतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत आणि ओल्या हवेत तंबूच्याच तक्रारी थोड्या सौम्य होऊन परत येतात.

आधी गाडी, मग सुतारकाम

पैसे मोजकेच असतील तर हौद्यातलं काम थांबवून गाडीवर खर्च करा. सगळ्यात आधी चॅसीचा गंज. हातोडीने ठोकत जा, विशेषतः पाट्यांचे कान बसतात तिथे आणि मागच्या चाकांच्या वर. चांगल्या नावाच्या गाड्याही यातून सुटत नाहीत: २००८ मध्ये टोयोटाने अमेरिकेत १९९५ ते २००० सालच्या टाकोमा पिकअपच्या गंजलेल्या चॅसींसाठी खास योजना काढली आणि फार खराब झालेल्या गाड्या परत विकत घेतल्या. चॅसी कुजलेली असेल तर ती गाडी सोडून द्या, बाकी सगळं दुरुस्त होतं. रेडिएटर, सगळे होस पाइप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, चाकांची बेअरिंग, ब्रेकचे रबरी पाइप बदललेत याचा पुरावा नसेल तर ते बदललेले नाहीत असं धरा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या पोटात असेल तर तो आतून फुटल्यावर कुलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि गिअरबॉक्स जातो. वजन वाहणाऱ्या जुन्या गाडीला बाहेर वेगळा कूलर बसवणं म्हणूनच शहाणपणाचं.

वीज: एजीएम की लिथियम

कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज, लॅपटॉप, दिवे आणि पंखा मिळून दिवसाला ७५ अँपिअर-अवरच्या आसपास लागतात. एजीएम (बंद, शिसे-आम्लाची) बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे २०० ची हवी, वजन ५५-६० किलो. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० ची पुरते आणि ती १२-१३ किलोची असते. कायम राहणाऱ्याने लिथियमच घ्यावी, कारण रोज खाली-वर होणं ती वर्षानुवर्षं सोसते. तिच्या अटी दोन. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, म्हणून ती झोपायच्या जागेत ठेवा, इंजिनाजवळ नको. आणि जुन्या अल्टरनेटरला थेट जोडायची नाही: ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे करंट आवरणारा २०-३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतो. हा खर्च परवडत नसेल आणि गाडी रोज दोन-तीन तास चालत असेल, तर जुन्या साध्या अल्टरनेटरबरोबर एजीएम आणि एक आयसोलेटर (इंजिन बंद असताना दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा) हा जोड कमी खर्चात बिनबोभाट चालतो. दोन्हीत फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

उबेसाठी बाहेरून हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर गॅसच्या उघड्या हीटरपेक्षा सरस, कारण उघडी ज्योत आत पाण्याची वाफ सोडते आणि प्राणवायू खाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साठतो. सिलिंडरच्या कप्प्याला खाली बाहेर उघडणारं भोक ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर पहिल्या रात्रीपासून हवा.

वाट सोडल्यावर

टायर ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घ्या, मूळ मापाचे किंवा एखादं माप मोठे. मड-टेरेन खोल चिखलात उजवे, पण राहत्या गाडीचे बहुतेक किलोमीटर डांबरावर होतात आणि तिथे ते आवाज करतात, लवकर झिजतात. फार मोठ्या टायरने गिअर जड होतात आणि आधीच दमलेल्या ब्रेकवर ताण वाढतो. मापापेक्षा लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो तो सांकेतिक आकडा) महत्त्वाचा: ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १२१ म्हणजे १४५०. टायरच्या कडेवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांचं रबर नको. विंच आणि लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं यंत्र) यांच्याआधी हवा भरायचा चांगला कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर आणि रुतल्यावर चाकाखाली घालायच्या वाळूच्या पट्ट्या घ्या. हवा कमी केली की टायरचा जमिनीला लागणारा भाग लांब होतो आणि अडकलेली गाडी बहुतेक वेळा तेवढ्यावरच निघते. टोइंगच्या गोळ्याला पट्टा लावून गाडी कधीही ओढू नका. गोळा तुटला तर तो तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणूस जातो.

लाकूड कापण्याआधी हौद्यात पुठ्ठ्याची खाट आणि रिकाम्या पेट्या मांडून काही रात्री झोपून पाहा, त्यातली एखादी पावसाची असू द्या. काम झाल्यावर पूर्ण भरलेली गाडी पुन्हा काट्यावर न्या, या वेळी पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. मागचा आकडा जास्त आला तर आधी पाण्याची टाकी केबिनच्या भिंतीला चिकटवा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटर खराब रस्त्यानंतर पाट्यांचे यू-बोल्ट, कॅनोपीचे शिकंजे आणि टपावरच्या पट्ट्यांचे नट पाना लावून पुन्हा आवळा.