यीस्ट टूलकिटचे प्रमोटर: खरी कमाई खालच्या रांगेत

बर्कलीच्या ड्यूबर लॅबने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेलं आणि अ‍ॅडजीन या प्लाझ्मिड वाटणाऱ्या संस्थेकडून मिळणारं मॉक्लो यीस्ट टूलकिट हा तयार डीएनए-भाग जोडून यीस्टमध्ये जनुकं बसवायचा संच, म्हणजे ९६ प्लाझ्मिडांची (डीएनएच्या छोट्या वर्तुळांची) एक प्लेट. प्रत्येक खान्यात तो प्लाझ्मिड बाळगणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचा गोठवलेला साठा (ग्लिसरॉल स्टॉक). त्यातले ९ ते ३१ क्रमांकाचे खाने प्रमोटरांचे, म्हणजे पुढचं जनुक किती जोरात चालायचं ते ठरवणाऱ्या डीएनए-तुकड्यांचे, आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतंच.

पहिले १९ प्रमोटर ‘कायम चालू’ गटातले. ते साधारण उतरत्या ताकदीने लावलेत (नावं ते ज्या यीस्ट जनुकांचे आहेत त्यांचीच): टीडीएच३, सीसीडब्ल्यू१२, पीजीके१ वर, आरपीएल१८बी, एएलडी६, पीएबी१ मध्ये, पीएसपी२ आणि आरईव्ही१ अगदी तळाला. ताकद एकाच नव्हे, तीन वेगवेगळ्या रंगांच्या फ्लुरोसंट (चमकणाऱ्या) प्रोटीनांवर मोजलेली आहे. त्यामुळे पुढचं जनुक बदललं तरी उतरंड बहुतांशी टिकते, हा या संचाचा सगळ्यात मोठा गुण.

तरीही बहुतेक जण प्लेट आली की सरळ टीडीएच३ उचलतात आणि मार्गातल्या, म्हणजे एखादा पदार्थ टप्प्याटप्प्याने बनवणाऱ्या साखळीतल्या, प्रत्येक जनुकापुढे तोच लावतात. यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, यीस्टमध्ये होमोलोगस रिकॉम्बिनेशन, म्हणजे सारख्या डीएनए-तुकड्यांची आपसांतली अदलाबदल, जबरदस्त असतं. एकाच ठिकाणी तोच सुमारे ७०० बेसचा तुकडा दोनदा आला की मधलं जनुक गळून पडतं. जनुकाचा शेवट ठरवणाऱ्या टर्मिनेटरांनाही हेच लागू, आणि ते किटमध्ये फक्त सहा आहेत. दुसरं, सगळी जनुकं पूर्ण जोरात चालवली की वाढ मंदावते आणि मधला एखादा पदार्थ साचून पेशीलाच बाधतो.

व्हायोलासिन या रंगद्रव्याचा मार्ग बघा. व्हीआयओ-ए, बी आणि ई ही तीनच जनुकं असली तर हिरवट प्रोडीऑक्सीव्हायोलासिन मिळतं. सी जोडलं की डीऑक्सीव्हायोलासिन. डी आणि सी दोन्ही असली तर जांभळं व्हायोलासिन. पण सी आणि डी एकाच पदार्थावर तुटून पडतात. सी फार जोरात असलं तर डीच्या हाती काही लागायच्या आत माल डीऑक्सीव्हायोलासिनकडे वळतो. याच लॅबने २०१३ मध्ये पाच जनुकांवर टीडीएच३, टीईएफ१, आरपीएल१८बी, आरएनआर२ आणि आरईव्ही१ हे पाच प्रमोटर फिरवले. एकूण ३१२५ जोड्या होतात. त्यातल्या जेमतेम ३ टक्के तपासून बाकीच्यांचा अंदाज गणिताने बांधला. नवा मार्ग उभारताना हाच पंचक घ्यावा. पाचही पायऱ्या एकमेकींपासून पुरेशा लांब आहेत.

‘कायम चालू’ या शब्दावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. एचएचएफ१, एचएचएफ२, एचटीबी२ हे हिस्टोनांचे प्रमोटर. ते डीएनए दुप्पट होण्याच्या टप्प्यात उसळी घेतात. आरएनआर२ डीएनएला इजा झाली की वर जातो. त्या १९ बाहेरच्या चारांपैकी एमएफए१ फक्त ‘ए’ लिंगाच्या पेशीत आणि एमएफ-अल्फा२ फक्त ‘अल्फा’ पेशीत चालतो. दोन्ही लिंगांच्या पेशी जुळवून डिप्लॉइड केलात तर दोन्ही बंद.

गॅलॅक्टोजने चालू होणारा गॅल१ चालवायचा तर आधी २ टक्के रॅफिनोजवर कल्चर वाढवून मग २ टक्के गॅलॅक्टोज द्यावं. ग्लुकोज उरलं असेल तर मिग१ हे प्रोटीन तो दाबून धरतं. मूळ एस२८८सी या स्ट्रेनमध्ये गॅलॅक्टोज पेशीत आणणारं गॅल२ जनुक बिघडलेलं आहे, बीवाय४७४१मध्ये नाही. स्ट्रेन बघूनच हात घाला. गॅलॅक्टोजचा खर्च झेपत नसेल तर गॅल१ला अडवून धरणारं गॅल८० जनुक काढून टाकावं, मग ग्लुकोज संपताच प्रमोटर आपोआप उघडतो. तांब्याने चालू होणारा सीयूपी१ गळका आहे. नेहमीच्या यीस्ट नायट्रोजन बेस या वाढीच्या माध्यमात मुळातच थोडं कॉपर सल्फेट असतं, त्यामुळे तो पूर्ण बंद असा मिळतच नाही. विषारी एन्झाइमसाठी तो नको.

जोडणी सोपी आहे. प्रत्येक भाग २० फेम्टोमोल, म्हणजे प्रमोटर प्लाझ्मिडचे सुमारे ३० नॅनोग्रॅम. डीएनए कापणारं एन्झाइम बीएसए-वन आणि जोडणारं टी७ लायगेज अर्धा-अर्धा मायक्रोलिटर, टी४ लायगेज बफर १, एकूण १० मायक्रोलिटर. ४२ अंशांवर २ मिनिटं, १६ अंशांवर ५ मिनिटं, अशा २५ फेऱ्या. मग ६० आणि ८० अंशांवर १०-१० मिनिटं. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) असलेलं वेक्टर, म्हणजे भाग ज्यात बसवायचे तो प्लाझ्मिड, वापरलं तर हिरव्या कॉलन्या म्हणजे न कापलेलं वेक्टर, त्या सोडून द्या. हिरव्याच जास्त आल्या तर आधी आपल्या जनुकात बीएसए-वनची कापायची जागा लपली आहे का ते पाहा. मोजमाप गुणसूत्रात बसवलेल्या प्रतीवरच करा. गुणसूत्राबाहेर राहणाऱ्या २-मायक्रॉन प्लाझ्मिडची संख्या पेशीगणिक इतकी बदलते की मधल्या पायऱ्यांतला फरक दिसेनासा होतो.

खटकणारी बाब एकच, पण मोठी. ही सगळी उतरंड ग्लुकोजवर जोमाने वाढणाऱ्या पेशींची आहे. ग्लुकोज संपून पेशी इथेनॉलवर आल्या की टीडीएच३ आणि पीजीके१ ढिले पडतात, आणि नेमक्या त्याच टप्प्यासाठी लागणारे एडीएच२ आणि एचएक्सटी७ किटमध्ये नाहीत. ते जीनोममधून पीसीआरने काढून बीएसएमबी-वन या दुसऱ्या कापणाऱ्या एन्झाइमने किटमधल्या क्रमांक १ च्या वेक्टरमध्ये बसवावे लागतात. डीएनएच्या अक्षरांत डावं टोक एएसीजी, उजवं टीएटीजी. किटच्या प्रत्येक प्रमोटरच्या शेवटी एजीएटीसीटी आहे आणि लगेच एटीजी, म्हणजे सुरुवातीच्या कोडॉनआधी यीस्टला आवडणारी ए-ची रांग तुटते. नव्या प्रमोटरलाही तीच शेपटी ठेवा, नाहीतर किटमधल्यांशी केलेली तुलना फसवी ठरेल.